सातव्या मजल्यावरचं मोहोळ

आबा गच्चीच्या कठड्यावर पालथे पडले होते. छातीपर्यंतचं अंग कठड्याबाहेर, पाय आत. खाली सात मजल्यांवर रस्ता.

मी जिन्याच्या दारातच थबकले. हाक मारली तर दचकतील, नाही मारली तर आणखी पुढे सरकतील. मागे वॉचमन उभा होता. त्यानंच मला चौथ्या मजल्यावरून बोलावून आणलं होतं आणि जिनाभर तो एकच म्हणत होता, "ताई, सासऱ्यांना आवरा. सेक्रेटरी साहेब मला बोलतील."

"आबा," मी शेवटी हळूच म्हणाले.

"चपला काढून ये," मान न वळवता आबा म्हणाले. "पाय वाजवू नगंस."

आवाज अगदी शांत होता. गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून एवढं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मे महिना. आम्हाला गाव सोडून कामोठ्याला येऊन एकवीस दिवस झाले होते. माझे यजमान सुदाम वाशीच्या मार्केटात मापाडी. तेरा वर्षं ते गावातल्या सात-आठ जणांबरोबर एका खोलीत राहिले आणि मी जावळीच्या खोऱ्यात सासू-सासऱ्यांपाशी. दिवाळीत सासूबाई गेल्या. आमच्या अश्विनीची चौथी झाली, आणि गावातली शाळा चौथीपर्यंतच. मग मीच हट्ट धरला, की आता सगळे एकत्र राहू. यांनी धावपळ करून कामोठ्यात जागा बघितली. आबा मात्र हलायला तयार नव्हते. "म्या हितंच मरंन," म्हणाले. मी म्हणाले, "मग मीही जात नाही. अश्विनीही शाळा सोडेल." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या आणि टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसले.

कामोठे तेव्हा अर्धवट होतं. रुंद रस्ते, त्यांच्या कडेला सात-सात मजल्यांच्या इमारती, मधे मोकळे प्लॉट आणि पलीकडे खाडीची खारफुटी. सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. पहिल्याच आठवड्यात आबा खाली फिरायला गेले आणि परत येताना दुसऱ्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन दार वाजवत बसले. अश्विनीनं त्यांना शोधून आणलं. त्यानंतर ते गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला बोलावलं तर यायचे, नाही बोलावलं तर तसेच. हे मला म्हणाले, "आबांचं डोकं काम करत नाही आता. पावसाळ्याआधी गावी काकांकडे सोडून येतो." मी नको म्हणाले, पण माझ्या नकारात जोर नव्हता. मलाच तिथं करमत नव्हतं. एकवीस दिवसांत शेजारच्या दारातल्या बाईशीही मी बोलले नव्हते.

म्हणून गच्चीवर त्यांना तसं पाहिलं तेव्हा मला वाटलं, गेलं, आता सगळंच गेलं.

मी चपला काढल्या. तापलेल्या गच्चीवरून चटके खात त्यांच्यापाशी गेले आणि पहिल्यांदा त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरले.

"मला काय धरतीस," आबा म्हणाले. "पालथी पड आनि खाली बग. हळू."

का कोण जाणे, मी ऐकलं. कठडा चांगला हात-दीड हात रुंद होता. मी साडी खोचली, पोटावर पडले आणि डोकं बाहेर काढलं.

आमच्या खाली, सातव्या मजल्याच्या खिडकीवर छज्जा होता. त्या छज्ज्याच्या पोटाला, अगदी पुढच्या कडेशी, काहीतरी काळं लोंबत होतं. घोंगडी वाळत घातल्यासारखं. चांगलं चार हात रुंद. मग त्या घोंगडीवरून एक लाट गेली. वरच्या कोपऱ्यातून निघाली, चमकत खालपर्यंत गेली आणि विरली. पुन्हा दुसरी. वाऱ्यानं गव्हाचं शेत हलावं तशी. तेव्हा मला कळलं की ते सगळं जिवंत आहे. हजारो माश्या एकमेकींना धरून बसल्या होत्या आणि एकीमागून एक पाठ वर करत होत्या. खालून पोरांचा आवाज येत होता, कुठंतरी फरशी कापायचं मशीन चालू होतं, आणि इथं हे.

"आग्या मोहोळ," मी पुटपुटले.

"व्हय."

सासरी आल्यापासून मी ऐकत आले होते, की आबा तरुणपणी कड्यावरची मोहोळं काढायचे. दोर लावून उतरायचे, धुरी द्यायचे. गावात त्यांना लोक 'हैबती मोहोळ्या' म्हणत. पण माझ्या लग्नाआधीच त्यांनी ते सोडलं होतं आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"ह्या चालल्या," आबा म्हणाले.

"कुठं?"

"घर सोडून. ते वरच्या अंगाचं बग, छज्ज्याला चिकाटलंय तितं. मधाचा साठा तितं आसतो. समदा खाऊन रिकामा केलाय. खाली पिल्लांची घरं बी मोकळी. नवीन अंडी न्हाईत. आनि ती एक माशी बग, गोल फिरतीया, अंग हलवतीया."

मला एकसारख्या हजार माश्या दिसत होत्या. मग दिसली. एक माशी इतरांच्या पाठीवरून थरथरत पुढे जात होती, वळत होती, पुन्हा तिथूनच जात होती. तिच्या मागे चार-पाच जणी.

"ती वाट सांगतीया," आबा म्हणाले. "आठ दिसांत जात्याती बग."

त्यांचे डोळे मी जवळून पाहिले. तीन आठवडे त्यात काही नव्हतं. आता होतं.

मागून चपलांचा आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी गावंड सर. जवळच्याच गावचे, शाळेत गणित शिकवायचे. माणूस सरळ, पण तेव्हा घाबरला होता.

"आजोबा, उतरा आधी. आणि ताई, तुम्हीसुद्धा?"

मी लाजेनं उठले. आबा सावकाश उठले, धोतर झटकलं.

"तुम्ही याचं काय करनार हाय?" त्यांनी विचारलं.

"रविवारी माणूस येतोय औषध मारायला. सकाळी दहाला."

"दिवसा?"

"मग कधी?"

"सायेब, दिवसा मारलं तर निम्म्या मरत्याली आनि निम्म्या खाली जात्याली. खाली पोरं खेळत्याती."

"आजोबा, त्याचं ते काम आहे, त्याला कळतं," गावंड सर म्हणाले. "आमच्या वॉचमनला परवा दोन चावल्या, डोळा उघडत नव्हता. या खिडकीच्या आत बावीस दिवसांचं बाळ आहे. महिनाभर ती बाई खिडकी बंद करून बसलीय. मी कुणाकुणाला उत्तरं देऊ?"

आबांनी खाली छज्ज्याकडे पाहिलं. "बाळ हाय व्हय," पुटपुटले.

"आठ दिस द्या," मग ते म्हणाले. "त्या आपनहून जात्याल."

गावंड सरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारं माणूस काही बोललं की आपण त्याच्या घरच्यांकडे बघतो तसं. मी मान खाली घातली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग होती. हे दमून आले होते, म्हणाले, "आपण जायची गरज नाही. नवे आहोत आपण, गप्प बसलेलं बरं." पण आबा अंगात सदरा घालून दाराशी उभे होते. मला त्यांना एकटं सोडवेना.

वीस-पंचवीस लोक खुर्च्या टाकून बसले होते. गावंड सरांनी रविवारचं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा उभे राहिले आणि बोलायला लागले, पण इतक्या माणसांपुढे त्यांचा आवाज फुटेना. "त्येंचा मध संपलाय," म्हणाले, "त्या फिराय लागल्यात," म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "काका, माश्यांनी तुम्हाला तारीख दिली का?" मग बरेच हसले. आबा थांबले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

हे माझ्या कानाशी म्हणाले, "घेऊन चल त्यांना."

मी आबांचा हात धरायला उठले आणि तिथंच मला काय झालं, मला आजही नीट सांगता येत नाही. मी हात धरला, पण वळले नाही. म्हणाले, "मी शालन सपकाळ. चारशे तीनमधली. माझ्या सासऱ्यांनी वीस वर्षं हेच काम केलंय. मी आज वरून बघितलंय. ते आठ दिवस म्हणतात तर आठ दिवस द्या."

सगळे माझ्याकडे वळले. मी त्या इमारतीत पहिल्यांदाच बोलत होते.

"आणि त्या बाळाचं काय?" गावंड सरांनी विचारलं. आवाज कडक नव्हता.

मी म्हणाले, "बाळ आणि बाळाची आई आमच्याकडे राहतील. आमच्या आतल्या खोलीत. आठ दिवस."

माझ्या पाठीवर यांची नजर मला जाणवत होती. आमची आतली खोली म्हणजे दहा बाय दहा, आणि तिथं आम्ही तिघं झोपत होतो.

मागच्या खुर्चीतून एक बाई उठली. ओढणीत बाळ. डोळ्यांखाली काळं. "खिडकी उघडी ठेवता येईल का तिथं?" तिनं विचारलं.

"दोन आहेत," मी म्हणाले.

"मग मी आत्ताच येते."

ती नफिसा. महाडकडची, नवरा कुवेतला, सोबतीला आई. तासाभरात दोघी आपला पाळणा, औषधाच्या बाटल्या, बाळाचे कपडे घेऊन आमच्या दारात हजर. यांनी आपली वळकटी उचलून गॅलरीत आबांच्या शेजारी टाकली. पण झोपताना मला एवढं म्हणाले, "शालन, नाही गेल्या तर या इमारतीत आपल्याला तोंड दाखवता येणार नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आबांचं राहणंच बदललं. पहाटे आंघोळ करून ते जिन्यानं गच्चीवर जायचे. लिफ्टमध्ये ते कधी चढलेच नाहीत. तासभर पालथे पडून बघायचे, खाली यायचे, नफिसाच्या पोरीला मांडीवर घ्यायचे. दुपारी इमारतीच्या दारात बसून पोरांना पलीकडे खेळायला पाठवायचे. पोरांना त्यांचं ऐकायची हळूहळू सवय लागली. अश्विनी सगळ्यांना सांगत सुटली, की माझे आजोबा माश्यांचं बोलणं वाचतात. नफिसाची आई आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकरी थापायची, तिच्या हाताच्या भाकरीला पापुद्रा माझ्यापेक्षा चांगला सुटायचा. घरात दाटी झाली होती, पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते घर वाटत होतं.

फक्त माश्या जात नव्हत्या.

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. लिफ्टमध्ये लोक मला विचारायचे, "काय म्हणतात तुमचे पाहुणे?" मी हसायचे. सहाव्या दिवशी संध्याकाळी गावंड सर दारात आले, आत आले नाहीत. म्हणाले, "ताई, शुक्रवारी आठ दिवस होतात. मी त्याच दिवशी माणूस बोलावून ठेवलाय. यापुढे मला थांबता येणार नाही."

आबा आतून ऐकत होते. त्या संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. मी ताट घेऊन गॅलरीत गेले. खाली रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

"आबा, दोन घास खा."

"म्या चुकलो आसंन, पोरी."

मी ताट ठेवलं आणि बसले. घरात नफिसा बाळाला थोपटत होती. मग आबा म्हणाले, "तुला गणू ठावं हाय का?"

त्यांचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नाच्या कितीतरी वर्षं आधी वारलेला. मी ऐकलं होतं की त्यानं कड्याखाली सांगितलेलं ऐकलं नाही आणि माश्यांनी त्याला मारलं.

"आईकलं व्हतं त्यानं," आबा म्हणाले. "समदं आईकलं व्हतं. मोहोळ काढायचं अंधार पडल्यावं, हे आमच्या बापानं शिकवल्यालं. त्या दिशी पलीकडच्या गावात जत्रा व्हती. मला जायची घाई. म्या दिवस मावळायच्या आधीच मशाल लावली. गणू खाली टोपलं धरून उभा. म्हणला, दादा, उजेड हाय अजून. म्या म्हणलो, गप उभा ऱ्हा."

त्यांनी खालच्या दिव्यांकडे पाहिलं.

"म्या वर दोराला व्हतो. धुराच्या आत. मला एक बी चावली न्हाई. समद्या खाली गेल्या."

मी ताट त्यांच्या जवळ सरकवलं.

"घरी सांगितलं, गणूनं आईकलं न्हाई. म्हातारीला, तुझ्या सासूला बी तेच सांगितलं. ती तेच घेऊन गेली. आज पैल्यांदा तोंडातनं काडलं."

खाली एक स्कूटर गेली. मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला. मग दुसरा. पूर्ण ताट संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले.

सातव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी कपडे पिळत होते. आबा जिन्यावरून खाली आले. धापा टाकत होते, पण धावत आले नव्हते.

"शालन. समद्यांना खिडक्या लावाय सांग. पोरं आत. घाबरवू नगंस, पर आत्ता."

मी विचारलं नाही काही. सातव्यापासून पहिल्यापर्यंत एकेक दार वाजवलं. महिन्याभरात ज्या दारांकडे मी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्या प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं, "आबा म्हणतात, खिडक्या लावा." कुणी का म्हणून विचारलं नाही. गावंड सरांनी स्वतः खाली जाऊन फाटक लावलं, पोरांना जिन्यात घेतलं. मग मी वर गेले.

आबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे होते. त्यांनी मला शेजारी उभं केलं, आणि आपल्या खांद्यावरचं पांढरं पांघरूण दोघांच्या डोक्यावरून घेतलं.

"हलायचं न्हाई. बोलायचं न्हाई. त्येंना आपल्याशी काय देनंघेनं न्हाई आज."

आधी आवाज बदलला. खालून येणारी गुणगुण हळूहळू जाड होत गेली, माझ्या छातीत, दातांत जाणवायला लागली. मग कठड्यापलीकडून एक माशी वर आली. मग दहा. मग एकदम, कुणी पडदा सोडावा तसं, सगळं मोहोळ छज्ज्यावरून सुटलं आणि कठड्याच्या वर आलं.

ऊन काळवंडलं. आमच्या भोवती, डोक्यावर, टाकीवर माश्याच माश्या. पांघरुणावर टपटप आपटत होत्या, पुन्हा उडत होत्या. त्यांच्या पंखांचा वारा माझ्या गालाला लागत होता. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. एवढा मोठा जमाव आणि त्यात कुणी कुणाला धडकत नव्हतं. सगळ्या गोल फिरत होत्या, फिरता फिरता वर जात होत्या, जणू कुणीतरी शेवटची मागे राहिलेली येईपर्यंत थांबल्यात. समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्यांमागे चेहरे दिसत होते. एकाही खिडकीत कुणी हलत नव्हतं.

मग तो ढग लांबट झाला. एक टोक पूर्वेला वळलं, डोंगरांकडे. उरलेला ढग त्याच्या मागे ओढला गेला. विजेच्या तारांवरून, अर्ध्या बांधलेल्या टॉवरवरून, क्रेनच्या वरून. क्षणभर आकाशात तपकिरी डाग राहिला. मग तोही नाही.

इतकी शांतता त्या वस्तीत मी पुन्हा कधी ऐकली नाही.

आबांनी पांघरूण काढलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. आम्ही कठड्यापाशी गेलो. छज्ज्याखाली एक पांढरं, रिकामं पोळं उरलं होतं, अर्ध्या चंद्रासारखं, कागदासारखं पातळ. त्यावर एकही माशी नव्हती.

मागे पावलं वाजली. गावंड सर, नफिसा बाळाला घेऊन, आणि त्यांच्यामागे जिनाभर माणसं. मीटिंगमध्ये तारीख विचारणारा तो माणूसही होता. नफिसा पुढे आली आणि तिनं बाळ आबांच्या हातात दिलं. तेवढंच.

जून लागला. हे आबांना गावी सोडायचा विषय काढतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी काढला नाही. एक दिवस मीच विचारलं, तर म्हणाले, "आबांना विचार." आबांना विचारलं तर म्हणाले, "बाळाला बसाय येऊ दे." बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं, आणि विषय राहून गेला. लोक आता त्यांना 'मोहोळवाले आबा' म्हणायचे. कुणाच्या खिडकीत गांधीलमाशीचं घर दिसलं, तरी बोलावणं यायचं.

दिवाळी होऊन गेली. नोव्हेंबरातल्या एका दुपारी वरून नफिसाची हाक आली. "शालनभाभी, आबांना घेऊन ये. लवकर."

आम्ही गच्चीवर गेलो. रिकामं पोळं गावंड सरांनी कधीच खरवडून काढलं होतं, वर चुनाही मारला होता. त्याच छज्ज्याखाली, त्याच जागी, माश्यांचा एक घड लोंबत होता. नुकताच येऊन बसलेला. त्यांनी अजून पोळं बांधायला घेतलं नव्हतं, एकमेकींच्या पायांना धरून नुसत्या टेकल्या होत्या. या आख्ख्या वस्तीत शेकडो इमारती, सगळ्या एका रंगाच्या, हजारो छज्जे.

आबा कितीतरी वेळ बघत राहिले.

"त्याच का हो आबा?" मी विचारलं.

"न्हाई. माशी दोन-तीन म्हयनं जगती. गेल्या त्यातली एक बी यात नसंल. राणी तेवढी जुनी आसंल तर आसंल. पर राणी वाट दावत न्हाई. ती मागनं येती."

"मग यांनी हे घर कधी बघितलंच नाही?"

"न्हाई. ह्या सगळ्या तिकडंच जलमल्यात."

"मग यांना इथली वाट सांगितली कुणी?"

आबांनी उत्तर दिलं नाही. सासरी आल्यापासून, पावसाचं, झाडाचं, जनावराचं काहीही विचारलं आणि आबांना ते माहीत नव्हतं, असं झालं नव्हतं. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं, लहान पोराचं असतं तसं.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "माझ्या बापाला बी ठावं नव्हतं."

मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला जरा पुढे घेतलं. "इचारू नगंस आता. बग नुसतं."

घोंगडीवरून पहिली लाट गेली. वरच्या कोपऱ्यातून निघाली आणि चमकत खालपर्यंत आली.